नवकंकरी

वडिलांनी पेढीच्या दगडी पायरीवर नवकंकरीचा पट कोरवून घेतला होता : एकात एक 3 चौकोन, 24 स्थाने. त्यांच्या पुण्यतिथीला, वाटणीपासून अबोला धरलेले दोघे भाऊ त्या पटाशी बसले. प्रत्येकी 9 खडे. 3 खडे एका ओळीत आले, की प्रतिपक्षाचा 1 उचलायचा. थोरल्याने एकामागून एक 5 खडे उचलले. धाकट्याकडे 4 च उरले. थोरल्याचे 7 खडे मात्र बाहेरच्या चौकोनावर दाटीने बसले होते. धाकट्याने शांतपणे त्यांची शेवटची वाट अडविली. खडे असूनही ज्याला सरकता येत नाही, तो हरतो.

“माल भरलेला, पण उलाढाल बंद,” थोरला कितीतरी दिवसांनी हसला.

“दादा, चाल मागे घेऊ?”

“नको. उद्या पेढीवर ये.”