दिसू नये, पण लपवू नये

नव्याने मैफली टिपायला लागलेल्या कुणाचा तरी फोन अधूनमधून येतोच. "काका, मशीन कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, "बसणार कुठे तू? आणि बुवांना विचारलंयस का?" पोरगं हिरमुसतं. त्याला मॉडेलचं नाव आणि किंमत हवी असते. पण या छंदात रेकॉर्डरचा नंबर चौथा लागतो. आधी परवानगी, मग जागा, मग माइक आणि सगळ्यात शेवटी रेकॉर्डर.

छंद तसा जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोग मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. आधी त्यांनी यंत्र प्रॉम्प्टरच्या खोक्यात ठेवलं, मग रंगमंचाच्या वरच्या अरुंद पुलावर नेलं. एका नळकांड्यात जेमतेम दोनेक मिनिटं मावत आणि खरखर तर विचारूच नका. तरीही झां द रेश्के या त्या काळच्या नामवंत गायकाचा आवाज आज जो काही ऐकायला मिळतो, तो याच नळकांड्यांमुळे. म्हणजे यंत्र कुठे ठेवायचं, ही डोकेदुखी पहिल्या दिवसापासूनची आहे.

आपल्याकडे ती जरा जास्तच नाजूक होते. आपला गवई समोरच्यांच्या डोळ्यांत बघून गातो. पहिल्या दोन रांगांतली एक मान हलली तर त्याची पुढची जागा बदलते. अशा ठिकाणी कुणी गुडघ्यावर लखलखता पडदा घेऊन बसला, दर दोन मिनिटांनी खाली मान घालून आकडे बघू लागला, तर गाणाऱ्याला ते लागतं आणि शेजाऱ्यालाही. म्हणून सामान लहान हवं, मुकं हवं, अंधारात मिसळून जाणारं हवं. रेकॉर्डरच्या लाल दिव्यावर मी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतो, बटणांचा 'बीप' घरीच बंद करतो, पडद्याचा उजेड मालवतो. हे सगळं मैफलीसाठी. कलाकाराच्या नकळत टिपण्यासाठी हेच सामान वापरता येतं, हे मला ठाऊक आहे. तिथे माझा रस्ता वेगळा होतो.

सूरश्री केसरबाई केरकर यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. आपलं गाणं लोकांपुढे कसं जावं याबाबत त्या कमालीच्या काटेकोर होत्या, त्यामुळे त्यांच्या ७८ आरपीएमच्या मोजक्याच तबकड्या निघाल्या. त्यांतली 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली. आज आपण हळहळतो की आणखी असायला हवं होतं. माझीही हळहळ खरी आहे. पण किती द्यायचं आणि कुठल्या रूपात द्यायचं, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. आपली हळहळ म्हणजे परवाना नव्हे.

कायदाही साधारण याच बाजूला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. आता त्याची मुदत ५० वर्षं आहे. स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण हा त्या हक्काचा भंग मानत नाहीत. वाटणं, विकणं, नेटवर चढवणं ही गोष्ट वेगळी. आणि तिकिटावर 'ध्वनिमुद्रणास सक्त मनाई' असं छापलं असेल, तर रेकॉर्डर घरी ठेवायचा. तिथे कायद्याचा कीस काढत बसू नये.

परवानगी मागणं वाटतं तितकं अवघड नसतं. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडने ऑक्टोबर १९८४पासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली, ध्वनिनियंत्रणाच्या टेबलामागे. त्यामुळे इतर प्रेक्षकांपुढची माइकच्या काठ्यांची गर्दी हटली आणि चोरटेपणाही संपला. आपल्याकडे संयोजकांना चार दिवस आधी फोन करावा आणि कार्यक्रमाच्या आधी ग्रीनरूममध्ये जाऊन बुवांना किंवा ताईंना थेट विचारावं. तंबोरे जुळत असताना मात्र जाऊ नये. साथीदारांनाही विचारावं, वाजवणार तेही असतात. कुणी म्हणतं, "खुशाल करा, मला एक प्रत द्या." कुणी म्हणतं, "आज घसा ठीक नाही, आज नको." 'नको' म्हटलं की निमूटपणे यंत्र पिशवीत घालायचं आणि गाणं ऐकायचं.

परवानगी मिळाली की जागा. इथे थोडं गणित येतं आणि ते पाठच करून ठेवावं. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. आता बघा, गवई तुमच्यापासून चार मीटरवर आहे आणि शेजारचे आजोबा अर्ध्या मीटरवर. चारचे दोन, दोनचा एक, एकचा अर्धा. तीन वेळा निम्मं. म्हणजे आजोबांच्या "क्या बात है!"ला जागच्या जागी १८ डेसिबलची आघाडी मिळाली. महागातला महाग रेकॉर्डर ही आघाडी मोडू शकत नाही. माइक आजोबांपासून दूर नेणं किंवा गवयाजवळ नेणं, एवढेच दोन उपाय. परवानगी घेतलेली असली की दुसरा उपाय खुला होतो. मंचाच्या कडेवर, सतरंजीच्या काठाशी दोन बोंडाएवढे माइक ठेवता येतात आणि तुम्ही पाचव्या रांगेत निवांत बसता. चोरून टिपणाऱ्याला ही जागा कधीच मिळत नाही. त्याच्या मुद्रणात कापडाची खसखस आणि शेजाऱ्याची खोकल्याची गोळी हटकून येते.

मंचापर्यंत जाता येणार नसेल, तर सभागृह बघून बसावं. घरगुती बैठकीत कर्णे नसतात, तिथे दोन-तीन मीटरवर, समोर, जमिनीपासून थोडं उंच. मोठ्या सभागृहात पहिली रांग फसवी असते. गाणं येतं दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून आणि ते तुमच्या डोक्यावरून मागे निघून जातं. तुमच्या वाट्याला तबल्याचा थेट आवाज आणि कलाकारांसाठी ठेवलेल्या मॉनिटरचा गोंधळ. चौथ्या-पाचव्या रांगेत, बरोबर मधोमध बसावं. कूलरचा पंखा, चहाचा स्टॉल आणि दार या तिघांपासून लांब.

माइकचे ढोबळ दोन प्रकार इथे कामाचे. चहूबाजूंनी ऐकणारे 'ओम्नी' आणि समोरचं जास्त ऐकणारे 'कार्डिऑइड'. लहान ओम्नी कपड्यांच्या घर्षणाने आणि वाऱ्याने कमी बिथरतात आणि खालचे सूर भरदार देतात. जवळून टिपायचं असेल तर माझा कौल त्यांनाच. घुमणाऱ्या मोठ्या सभागृहात लांबून टिपायचं तर कार्डिऑइडची जोडी. कानात घालायचे 'बायनॉरल' माइकही मिळतात. हेडफोनवर ऐकताना मैफलीत बसल्यासारखं वाटतं, हे खरं. पण त्यासाठी मान स्थिर ठेवावी लागते. 'वा' म्हणून तुम्ही मान डोलावलीत की मुद्रणात अख्खी मैफल डोलते. समेवर मान न हलवता बसणं मला जमत नाही, म्हणून ते माइक माझ्या उपयोगाचे नाहीत.

डावं-उजवं मात्र तपासून घ्यावं. आपल्याकडे तबलजी बहुधा गवयाच्या उजव्या हाताला आणि पेटीवाले डाव्या हाताला बसतात. म्हणजे श्रोत्याला तबला डावीकडून ऐकू यायला हवा. घरी आल्यावर तो उजव्या कानात वाजला, तर माइक उलटे लागले होते असं समजावं.

आणखी एक बटण जपून वापरायचं, ते म्हणजे 'लो कट'. पंख्याची आणि रस्त्याची घरघर कापायला ते दिलेलं असतं आणि पुष्कळजण ते कायम चालू ठेवतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. लो कट ८०वर ठेवला की खर्जाच्या तारेचा पायाच कातरला जातो आणि डग्ग्याची घुमारही पातळ होते. घरघर घरी आल्यावरही काढता येते. कापलेला खर्ज परत येत नाही.

आता रेकॉर्डर. कॅसेटच्या दिवसांत सी-६०ची एक बाजू अर्ध्या तासाची. बडा ख्याल ऐन रंगात आला की बटण 'खट्' करून उडायचं. बाजू बदलेपर्यंत एक-दोन आवर्तनं हातची गेलेली. सेल उतरू लागले की मोटर मंदावायची आणि घरी नीट वेगाने वाजवल्यावर स्वर चढलेला निघायचा. जुन्या खाजगी टेपांवरून 'अमुक बुवा त्या काळात पांढरी दोनमध्ये गात' असली विधानं करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सोनीच्या वॉकमन प्रोफेशनलने वेग क्वार्ट्झला बांधून ही कटकट बरीच मिटवली. १९९२मध्ये मिनीडिस्क आली, तिच्यात ७४ मिनिटं सलग मिळू लागली. आजचे झूम, टास्कॅम, सोनीचे खिशात मावणारे रेकॉर्डर या सगळ्यांना मागे टाकतात. त्यांच्यात डावं-उजवं करण्याइतका मोठा फरक राहिलेला नाही.

म्हणून मी दुकानात यंत्र हातात घेतो, डोळे मिटतो आणि अंगठ्याने चाचपतो. रेकॉर्डचं बटण न बघता सापडतं का? 'होल्ड'चा खटका आहे का, म्हणजे पिशवीत दाबलं जाऊन मुद्रण थांबणार नाही? मग विचारतो, बाहेरच्या लहान माइकला लागणारी 'प्लग-इन पॉवर' देतं का? फाइल मोठी झाली की मध्ये क्षणही न गाळता पुढची फाइल सुरू करतं का? २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर स्टिरिओ मुद्रण तासाला साधारण एक जीबी खातं. बऱ्याच यंत्रांत फाइल दोन जीबीला तुटते, म्हणजे साधारण दोन तासांनी. तो तुकडा भैरवीच्या मधोमध पडू शकतो. सेल प्रत्येक मैफलीला नवे किंवा पूर्ण भरलेले. पॉवर बँकेवर आंधळा विश्वास नको. यंत्र फार कमी वीज ओढत असेल, तर काही पॉवर बँका जोडलेलं काहीच नाही असं समजून स्वतःच बंद होतात.

'ऑटो लेव्हल' नावाची सोय पहिल्याच दिवशी बंद करायची. ती आलापीतल्या शांततेत आवाज वर खेचते, मग पंख्याची घरघर पुढे येते. जोरकस तान आली की ती सगळंच दाबून टाकते. गवयाने तास खर्चून उभा केलेला चढ-उतार ती सपाट करते. हाताने लेव्हल लावायला उत्तम वेळ म्हणजे तबला मिळवताना. हातोडीचा ठोका आणि त्यामागची थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास गेली की पुरे. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, लेव्हल घरी वाढवता येते. ती एकदा लावली की पुन्हा बघायची नाही. नव्या ३२ बिट फ्लोट यंत्रांत लेव्हलची चिंता जवळजवळ संपते. पण माइकच थापेने गुदमरला असेल, तर पुढचं यंत्र त्याला वाचवू शकत नाही.

मोबाइलवर भागवणाऱ्यांना एकच सांगतो. बोलणं स्पष्ट करण्यासाठी बऱ्याच फोनांत सतत चालणारा आवाज गाळायची व्यवस्था असते. आणि सतत चालणारा आवाज म्हणजे आपला तंबोरा.

मैफल संपल्यावर काम निम्मंच झालेलं असतं. सभागृहाबाहेर आल्या आल्या रेकॉर्डर तोंडाशी धरून तारीख, ठिकाण, राग, बंदिशीचे शब्द, तबला-पेटी-तंबोऱ्यावर कोण, हे बोलून ठेवावं. घरी आल्यावर दोन ठिकाणी प्रती कराव्यात. नाव-गाव नसलेल्या टेपा आणि फायली घराघरांत पडून आहेत. गाणारा कोण हे सांगू शकणारी माणसं मात्र एकेक करून जात आहेत.

तेव्हा नवं मशीन जरूर घ्या, परवडेल ते घ्या. पण पहिली प्रत ज्याचं गाणं आहे त्याच्या घरी आठवड्याच्या आत पोचवा आणि त्याला विचारल्याशिवाय दुसरी कुणालाही देऊ नका. ज्याला एकदा वेळेवर प्रत मिळाली, तो पुढच्या वेळी तुमचा माइक मंचाच्या कडेवर स्वतःच ठेवून घेतो.