मुरलेला माल

शीळफाट्याच्या चौकात कल्याणचा, मुंब्र्याचा, महापेचा आणि पनवेलचा असे चार रस्ते एकत्र येतात. दिवसरात्र मालमोटारींची रांग तिथून सरकत असते. आसपासची गोदामे भरतात, रिकामी होतात आणि पुन्हा भरतात. व्यापारी घरातल्या मुलाला हिशेब कळू लागण्याआधीच एक गोष्ट कळते, ती म्हणजे माल हलता राहिला पाहिजे. पडून राहिलेला माल जागा अडवतो, भांडवल अडकवतो आणि व्याज वाढवतो.

याच चौकातून डोंबिवलीकडे वळणाऱ्या रस्त्यावर अशी कितीतरी घरे आहेत, जिथे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा उभा असतो. तो विकत आणताना घरच्यांनी बहुधा एकाच गावाचे नाव ऐकलेले असते, ते म्हणजे मिरज. पनवेल, पुणे, सातारा ओलांडून कृष्णाकाठच्या या गावी पोहोचले की व्यापाराचा तो पहिला धडा उलटा होतो. सतारमेकरांच्या कारखान्यात छताला टांगलेले भोपळे आणि भिंतीशी रचून ठेवलेल्या लाकडाच्या फळ्या वर्षानुवर्षे पडून असतात आणि पडून असतात म्हणूनच त्यांना किंमत असते.

हा धंदा मिरजेत आला त्याची हकिगत तिथल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी, भाले, खंजीर यांना धार लावणे, मुठी बसवणे हे त्यांचे काम. इंग्रजी अंमल पक्का झाला तशी संस्थानांच्या फौजांची गरज घटली आणि शस्त्रांची मागणीही आटली. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. दरबारी गवय्यांची ये-जा मोठी. मात्र वाद्य बिघडले तर दुरुस्तीसाठी दूर उत्तरेकडे पाठवावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८५०च्या सुमारास, फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार बंधूंनी वाद्यदुरुस्तीचे काम हाती घेतले. धातू आणि लाकूड दोन्ही हाताळण्याची सवय होतीच. मोडलेले वाद्य उघडून पाहता पाहता नवे घडवण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली. पुढे आडनावही बदलले आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. गिऱ्हाईक संपले म्हणून पेढी बंद न करता हातातल्या कौशल्याला दुसरे गिऱ्हाईक शोधणारी ती पिढी व्यापाऱ्यांनाही काही शिकवून जाते.

मिरजेतल्या वयोवृद्ध कारागिरांपैकी कोणा एकाचे चरित्र निराळे सांगावे लागत नाही. साऱ्यांची आयुष्ये साधारण एकाच वळणाने गेलेली असतात, आणि त्या आयुष्यांची मोजदाद वर्षांपेक्षा मालाच्या मुरण्याने करणे अधिक योग्य ठरते.

आरंभ भोपळ्यापासून होतो. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा. भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात त्याचे पीक घेतले जाते. मोठ्या तंबोऱ्यासाठी चार फुटांहून अधिक घेराचे फळ लागते. ते वेलीवर पूर्ण पिकू द्यायचे, उतरवल्यावर महिनोन्‌महिने वाळू द्यायचे. घाईने वाळवलेला भोपळा आक्रसतो, वाकडा होतो, कधी ऐन कामात तडकतो. नीट वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ केला जातो, मग तो कापून आतला गर आणि बिया खरवडून काढल्या जातात आणि आतून काठ्यांचे आधार देऊन त्याला आकार दिला जातो. कारागिराचा मुलगा शाळेतून आल्यावर पहिल्यांदा हातात घेतो ते हे खरवडण्याचे काम. त्याला अजून सूर कळत नसतो. पण साल कुठे पातळ आणि कुठे जाड आहे हे त्याच्या बोटांना कळू लागते.

मग लाकूड. दांडी, गळा आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली ही मुख्यतः तूणाच्या लाकडाची. हे लाकूड हलके, सरळ धाग्याचे आणि नाद धरणारे. त्यातला ओलावा पुरता जायला हवा. ओलसर लाकडाची तबली काही महिन्यांत बसते आणि तिच्याबरोबर वाद्याचा आवाजही बसतो. दांडी आतून पोकळ कोरली जाते, गळ्यापाशी भोपळ्याला जोडली जाते. तबली किंचित फुगीर ठेवून चढवली जाते. सांध्यावर कोरलेली पाने बसवतात, खुंट्या घासून त्यांच्या भोकांत घट्ट फिरतील अशा करतात. तरुण वयाची आठ-दहा वर्षे या कामांत जातात. या काळात मुलाच्या हातून झालेले वाद्य विकले जाते. पण त्याचा शेवटचा हात मात्र वडिलांचाच असतो.

तो शेवटचा हात म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा माथा दिसायला सपाट असतो. प्रत्यक्षात त्याला डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर अलगद टेकत-सुटत राहते आणि मूळ स्वरासोबत त्याचे वरचे स्वर एकामागून एक उमलतात. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून हा परिणाम नेमक्या जागी आणला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१च्या सुमारास याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांश कंपनाचा स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश उमटू नये असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात मात्र तो उमटतो, कारण तार आणि घोडी यांचे नाते साधे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मिरजेच्या कारागिराला हा नियमही ठाऊक नसतो आणि त्याचा अपवादही. तो कानशीने घोडी एकदा घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. जास्त घासले गेले तर ते परत भरता येत नाही. त्यामुळे जवारीचे काम मुलाच्या हाती येते तेव्हा तो बहुधा तिशीत पोहोचलेला असतो. कान मुरायलाही भोपळ्याइतकाच, किंबहुना अधिक, वेळ लागतो.

हा कान मिरजेला गवय्यांनी दिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत असत. त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून घरोघरी संगीत नेले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. तंबोरा कमालीच्या सुरात लावण्याविषयी ते आग्रही होते आणि वाद्याच्या दुरुस्तीतही त्यांचा हात चाले. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना विसावा मिळाला आणि तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. असे गिऱ्हाईक दारात बसून जवारी ऐकत असेल तर कारागिराला कच्चे काम खपवता येत नाही. चोखंदळ गिऱ्हाईक हा त्या धंद्याचा तोटा नव्हता, ते त्याचे भांडवल होते.

जगात इतरत्रही हाताने वाद्य घडवणाऱ्यांची कहाणी याच्याशी मिळतीजुळती आहे. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस याने १८६२ साली एक गिटार बनवली. तिची पाठ आणि बाजू त्याने कागदी लगद्याच्या केल्या, फक्त वरची फळी उत्तम लाकडाची ठेवली. वाद्याचा आवाज मुख्यतः त्या एका फळीत असतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. तबली निवडताना मिरजेचा म्हातारा कारागीर फळीवर बोटाने टिचकी मारून कान लावतो, तेव्हा तो तोरेसचेच म्हणणे आपल्या रीतीने मांडत असतो. जर्मनीहून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या मार्टिन घराण्याने सहा पिढ्या गिटारीचा कारखाना चालवला. पण मार्टिनांच्या घरात यंत्रे आली, कारखाना वाढला. मिरजेत प्रत्येक तंबोरा अजूनही हातानेच पुरा होतो, आणि म्हणून तिथे पुढची पिढी येणे किंवा न येणे यावर सारेच अवलंबून आहे.

काळ बदलला तसे साहित्यही बदलले. पूर्वी घोडी आणि नक्षी हस्तिदंताची किंवा सांबराच्या शिंगाची असे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी तो मार्ग बंद झाला. आता उंटाचे हाड, कठीण लाकूड किंवा कृत्रिम द्रव्य वापरले जाते. पॉलिशसाठी लागणारा चपडा लाखेच्या किड्यांपासून येतो आणि जुना सरसही प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा असे. ज्या घरात असे काही उंबऱ्याच्या आत येऊ नये असा नेम आहे, त्या घराने वाद्य सांगतानाच घोडी कशाची, चिकटवण कशाची, पॉलिश कशाचे हे मोकळेपणाने विचारावे. लाकडी किंवा कृत्रिम घोडीवरही उत्तम जवारी निघू शकते. फक्त ती घासायला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ द्यायला कारागीर कधीच कुरकुरत नाही.

त्याची खरी अडचण वेगळी आहे. १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. पुढे तो मोबाइलमध्ये आला. रियाजासाठी, प्रवासासाठी त्याची सोय मोठी, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. परंतु पूर्वी नवा विद्यार्थी पहिल्या वर्षीच तंबोरा घेई, तो आता पाच-दहा वर्षांनी घेतो किंवा घेतच नाही. कारागिराच्या हिशेबात मजुरीचे पैसे मिळतात, लाकडाचे मिळतात. थांबण्याचे मिळत नाहीत. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या भोपळ्यावरचे व्याज कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते. मुलगा ते गणित स्वच्छ मांडतो. महिन्याच्या पगाराची नोकरी आणि वर्षांनी पैसे देणारा माल यांत तो पगाराकडे झुकला तर त्याला दोष कसा द्यावा? बाप त्याच्याशी वाद घालत नाही. मुलगा घरी असेल त्या दिवशी तो जवारी करायला बसतो आणि दार उघडे ठेवतो, इतकेच.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडे बनलेले वाद्य मिरजेच्या नावाने विकण्याला त्यामुळे अटकाव करता येतो. नावाची किंमत व्यापाऱ्याला सांगावी लागत नाही. पेढीचे नाव कमवायला चार पिढ्या लागतात आणि घालवायला एक खोटा माल पुरतो. तरी मानांकन नाव राखते, हात राखत नाही. हात राखायचा तर काम सांगणारे लागतात. घरातला जुना तंबोरा मुका झाला असेल तर बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडलेले असतात, जवारी गेलेली असते. ती पुन्हा काढता येते आणि वाद्य आणखी कितीतरी वर्षे बोलते. नवा हवा असेल तर आधी सांगून थांबायची तयारी ठेवावी, थोडी उचल द्यावी. भोपळ्यात अडकलेल्या त्याच्या भांडवलाला तेवढाच हातभार लागतो.

भोपळ्यांचा हंगाम आला की वृद्ध कारागीर अजूनही भीमाकाठी माल पाहायला जातो. आज निवडलेला भोपळा वाळून, मुरून वाद्य होईल तेव्हा आपण बैठकीवर असू की नाही, हे त्याला ठाऊक नसते. मुलगा येईल की नाही, हेही ठाऊक नसते. तरी तो फळे ठोकून पाहतो, घेर मोजतो, भाव ठरवतो आणि शेतकऱ्याला पुढच्या वर्षासाठी बी राखून ठेवायला सांगतो. कडू भोपळ्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. एक-दोन वर्षे खरेदी थांबली तर शेतकरी त्या जमिनीत दुसरे काही लावील आणि मग मुलगा परत आला तरी त्याला भोपळाच मिळणार नाही. म्हणून तो दरवर्षी जातो आणि दरवर्षी गरजेपेक्षा दोन-चार फळे जास्तच घेऊन येतो.