काडी कुणाची?

किनवटला बदली झाली त्या पहिल्याच हिवाळ्यात मी तक्रारीचा अर्ज दिला होता. आसपासच्या सागवानात वणवा अडवायला वनखातं जाळरेषा पेटवायचं. सकाळची थंडी, वारा पडलेला. धूर वर चढायचाच नाही, खोलीत येऊन बसायचा. ‘शेतकऱ्याला जाळू नका सांगायचं आणि जंगल स्वतः पेटवायचं’ हे वाक्य मी मित्रांना दोन-तीनदा ऐकवलंही होतं.

मग एका वनरक्षकाने जाळरेषेवर नेलं. दोन्ही कडा झाडून मोकळ्या केलेल्या, मधल्या पट्ट्यातला पाचोळाच तेवढा पेटलेला आणि हिरव्या डहाळ्या घेऊन उभे चार मजूर. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला लागतो, त्याआधी हे उरकायचं म्हणे. मला तेव्हाही पटलं नाही. पटलं ते एप्रिलात. मोहफुलं वेचायला कुणीतरी झाडाखाली जाळलं, आग टेकडीवर गेली. ती जाळरेषेपाशी थांबली, पण आतले ओंडके तीन दिवस धुमसत होते. ज्वाळेपेक्षा हे धुमसणं वाईट. अर्धवट जळण्यातून केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढे, अडीच मायक्रॉनहून बारीक कण सुटतात आणि फुप्फुसात खोल उतरतात. आपल्याकडे त्यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते.

खरी कबुली पुढेच आहे. गाव माझं लातूरजवळ, शेतात ऊस. जंगल तिथं नावालाच, तरी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत लातूर आहे. तोड संपली की सुटी काढून मी गावी जायचो आणि दिवेलागणीला पाचट पेटवायचो. वारा नसतो, आग शेजाऱ्याच्या रानात जात नाही, हा हिशेब. वारा नसला की धूरही कुठं जात नाही, हे डोक्यात आलंच नाही. आईला दमा. पदर नाकाला लावून ती ओसरीवरून म्हणाली, “तिकडं अर्ज देतूस, हितं काडी लावतूस व्हय रे?”

आता खोडव्यात पाचट एकाआड एक सरीत दाबतो. हेक्टरी आठ-दहा टन निघतं. पहिल्या वर्षी मजुरी द्यायला जिवावर आलं होतं.

जाळरेषेचा धूर अजूनही घशाला झोंबतो. गेल्या खेपेला पुन्हा अर्ज दिला, पण मागणी एवढीच: पेटवायच्या आदल्या दिवशी गावात दवंडी द्या. दमेकरी खिडक्या लावून घेतील.