बाबांच्या पायाचा अंगठा

आमच्या फिल्डमधल्या लोकांना एक खोड असते. जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगायची म्हटली की आम्ही मध्ये कॉम्प्युटर आणतो. मेंदू म्हणजे सीपीयू, मज्जारज्जू म्हणजे त्यातून निघालेली केबल. झालं, विषय संपला! माझंही ज्ञान एवढंच होतं, अधिक दहावीच्या पुस्तकातलं गरम भांड्याला हात लागल्याचं ते चित्र. पण गेल्या वर्षी बाबांच्या शर्टाची बटणं अडायला लागली.

बाबा बँकेतून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आणि आता त्यांचीच सही जुळेना. मग जिना उतरताना पाय जड वाटायला लागले. दुखत मात्र कुठेच नव्हतं. न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली, तर बाबांचा पाय ताडकन उडाला. आई खूश! "बघा, किती ताकद आहे अजून!" डॉक्टर काही हसले नाहीत. त्यांनी हातोडीच्या दांड्याने तळव्यावर टाचेपासून बोटांकडे एक रेघ ओढली. अंगठा हळूच वर गेला. डॉक्टर म्हणाले, "मानेचा एमआरआय करून घ्या."

तपासला पाय आणि फोटो मानेचा? घरी आल्यावर रात्रभर वाचत बसलो.

तर मंडळी, आपला मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड आणि साधारण ४५ सेंटिमीटर लांब. मणक्यांची माळ पार खालपर्यंत जाते, हा मात्र कंबरेच्या सुरुवातीलाच संपतो. वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. मेंदू १३००-१४०० ग्रॅमचा. पण याला केबल म्हणणं म्हणजे अन्याय आहे. याच्या आत स्वतःच्या चेतापेशी आहेत. गुडघ्यावर हातोडी बसली की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, निरोप मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि तिथूनच उलट हुकूम सुटतो. मेंदूला विचारायची गरजच नाही. बाबांच्या भाषेत सांगायचं तर ही शाखा आहे, छोटे व्यवहार इथेच मंजूर होतात.

मग हेड ऑफिस काय करतं? बरंचसं काम आवर घालण्याचं! वरून सतत निरोप येत असतात... हळू, बेताने, एवढा नको. म्हणून आपला पाय थोडासाच हलतो. हे निरोप वाटेत अडले की शाखा मोकाट सुटते आणि पाय ताडकन उडतो. म्हणजे आईला जी ताकद वाटली, तो वरचा धाक सुटल्याचा पुरावा होता. आणि हातांच्या नसा मानेतून निघतात. हातही बिघडलेत आणि पायही, म्हणजे अडथळा मानेतच शोधायला हवा. एवढा सगळा तर्क एका हातोडीवर!

अंगठ्याची खूण जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली पॅरिसमध्ये मांडली. मोठ्या माणसाच्या तळव्यावर अशी रेघ ओढली की अंगठा खाली वळतो. तान्ह्या बाळाचा मात्र वर जातो, कारण मेंदूपासून खाली येणाऱ्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण अजून पुरं झालेलं नसतं. ताईचा मुलगा तेव्हा सात महिन्यांचा होता. मी हळूच त्याच्या तळव्यावर बोट ओढून पाहिलं. त्याचाही अंगठा वर गेला. त्याचा काही दिवसांनी आपोआप खाली वळणार होता. बाबांचं काय?

एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती मागे सरकून मज्जारज्जूला दाबत असलेली दिसली. सर्जन सरळ बोलले. हातातली नस तुटली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर परत वाढू शकते. मज्जारज्जूतले तंतू तसे वाढत नाहीत. ऑपरेशन करायचं ते मुख्यतः आणखी बिघडू नये म्हणून. जे परत येईल ते वरकड. आणि जोखीम आहेच.

मी प्रश्नांची यादीच नेली होती. बाबांनी एकच विचारलं, "म्हणजे मुद्दल वाचवायचं, व्याज मिळालं तर मिळालं?" सर्जन म्हणाले, "अगदी तसंच." बाबा म्हणाले, "मग करू."

याला आठ महिने झाले. जिना आता कठड्याला न धरता उतरतात. डाव्या हाताला बटण अजून सापडत नाही, पण आईला हात लावू देत नाहीत. तुमच्याही घरी कुणाची बटणं अडत असतील, अक्षर बदललं असेल, चाल बिघडली असेल, तर "वय झालं" म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा प्लीज.

बँकेत नवीन सही देऊन टाका म्हटलं, तर ऐकत नाहीत. रोज सकाळी चहानंतर वहीचं एक पान सह्यांनी भरतात. जुनीच जुळवायची म्हणतात.