विकताना ग्रीक, पैसे देताना भजी

‘शेवटी भजीच ना ती, बाई?’

बोर्डीच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरनं हिशेबाच्या वेळी माझ्या तोंडावर हे वाक्य फेकलं. पैसे पुढे-मागे झाले असते तर मी एव्हाना विसरले असते. पण आदल्या संध्याकाळी याच माणसानं, याच पदार्थाची ताटली हातात धरून, सुरतेच्या आणि मुंबईच्या पाहुण्यांना ‘ऑथेंटिक ग्रीक फ्रिटर्स’ म्हणून सांगितलं होतं. मी चार पावलांवर कढईपाशी उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मागचं थोडक्यात सांगते. मी चिंचणीची. नोकरीची वर्षं डहाणूत शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बचत गटाचं लिहिण्या-वाचण्याचं काम बघते. गटातल्या सगळ्या जणी वारली. नाचणीचे पापड, चिकूच्या वाळवलेल्या फोडी, रानभाज्यांच्या महोत्सवात भाकरी-भाजीचा स्टॉल, अशी त्यांची कामं. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या होत्या, किनाऱ्यावरची सगळी रिसॉर्ट भरली होती, आणि या रिसॉर्टनं एक ‘मेडिटरेनियन’ संध्याकाळ जाहीर करून ठेवली होती. त्यांचा शेफ ऐन वेळी सोडून गेला. कुणीतरी आमच्या गटाचं नाव सांगितलं. माझा भाचा जहाजावर स्वयंपाकी आहे, ग्रीसमधल्या पिरेयसच्या बंदरात बरेचदा जातो. फोनवर त्याच्याकडून कृती उतरवून घेतली आणि ऑर्डर स्वीकारली.

तिकडे हे वडे झुकिनीचे करतात. झुकिनी किसायची, मीठ लावून ठेवायची, पिळायची, त्यात फेटा नावाचं खारट चीज, शेपू, पुदिना, कांद्याची पात, अंडं आणि मैदा घालून तेलात सोडायचे. सोबत काकडी-लसूण घातलेलं घट्ट दही. डहाणूच्या बाजारात झुकिनी मिळत नाही आणि ती मुंबईहून मागवायची गरजही नव्हती. श्रावणात पाड्यावर प्रत्येकीच्या मांडवाला काकडी लोंबत असते, दुधी असतो. शेपू-पुदिना बाजारात मिळतो, वाणगावची मिरची तर घरचीच. अडलं ते फेट्यापाशी. मला आठवलं ते पारशी घरांतलं टोपली पनीर. लहानशा टोपलीत लावलेलं, आपल्याच खारट निवळीत तरंगणारं, मऊ लुसलुशीत. संजाण-उदवाड्याचा शेजार असल्यामुळे आमच्या भागात ते माहितीचं आहे. विकत घेणं परवडणारं नव्हतं. तेव्हा दूध फाडून, दाबून, त्याच्याच मीठ घातलेल्या निवळीत रात्रभर ठेवलं. सकाळी चव बघितली तर भाच्यानं वर्णन केलं होतं तसाच खारट-आंबट चुरा हाताला लागला.

पाहुण्यांत जैन मंडळी बरीच, म्हणून अंडं बंद. त्याऐवजी तांदळाचं पीठ आणि चिमूटभर बेसन. चातुर्मास असल्यानं काही ताटांना पालाही नको होता. त्यांचा घाणा वेगळा, बिनलसणीचं दही वेगळ्या डब्यात.

या पदार्थाचं सगळं गणित पाण्याचं आहे. मीठ लागलं की किसातलं पाणी सुटायला लागतं. ते तसंच राहिलं तर पीठ सैल होतं. मग वरून पीठ घालत सुटावं लागतं, वडा आतून गिच्च राहतो, तेल पितो आणि ताटात आला की मलूल होतो. मला वाटलं, अर्धा तास ठेवून फडक्यात पिळलं की झालं. गटातली सगळ्यात वयस्क मावशी जवळ येऊन बसली. माझ्या हातातली पुरचुंडी घेतली, एकदा दाबली आणि म्हणाली, ‘नाय बाय, पानी हाय अजून.’ तिनं ती पुन्हा पसरली, बोटांनी मोकळी केली, पुन्हा आवळली. पाट्याखाली ठेवली. परत उघडली. असं करत करत शेवटी तिच्या मुठीतून जो किस निघाला तो भुशासारखा सुटा होता, आणि खालच्या पातेल्यात हिरवट पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. हीच मावशी कडू कंदाच्या चकत्या राखेत उकडून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवते आणि विखारी कडू कंद खाण्याजोगा करते. शेवळ या रानभाजीची खाज काकडाची आंबट फळं घालून मारते. कशातून काय काढून टाकायचं आणि किती वेळ धीर धरायचा, हे तिला कुणी शिकवायला नको.

दह्याचंही तेच. तलासरीच्या डेअरीतून दही आणलं, धोतराच्या फडक्यात बांधून आढ्याला टांगलं. श्रीखंडाला करतो तो चक्का. गटातल्या म्हाताऱ्या बायका दह्याला फारशा सरावलेल्या नाहीत. त्यातली एक तर वास घेऊन मागे सरली. पण सकाळी फडकं सोडलं तेव्हा गोळा असा घट्ट होता, की वाटी पालथी धरली तरी हलला नाही. त्यात पिळलेली काकडी, ठेचलेली लसूण, शेपू, लिंबू आणि बेताचं तेल. हे दही मी मुद्दाम तपशिलानं सांगते आहे, कारण पुढचं सगळं याच दह्यावरून झालं.

वडे गरमच द्यायचे होते. म्हणून किस, पनीर, पीठ, दही असं सगळं डब्यांत भरून इको गाडीनं आम्ही रिसॉर्टवर गेलो आणि मागच्या पडवीत कढया मांडल्या. पाऊस कोसळत होता. दीडशे ताटांची बोली, ताटाला पाच वडे आणि वाटीभर दही, दर नव्वद रुपये. हे सगळं तोंडी ठरलेलं. समोरच्या मेन्यूकार्डावर त्याच ताटाला चारशे वीस रुपये छापले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जागा त्यांची, समुद्र दिसतो, नोकरचाकर आहेत, त्यांनी चारशे वीस लावावेत.

साडेआठच्या सुमाराला गर्दी वाढली. बोलीपेक्षा माणसं जास्त झाली असावीत, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातला एक मुलगा आमच्याकडे आला, दह्याचे दोन डबे उचलले, आत नेले आणि टेबलावर ठेवून त्यांत पातळ दही ओतायला लागला. मी आत गेले. त्याला म्हटलं, अरे, असं करू नकोस, हे पाणी धरेल. तो म्हणाला, साहेबांनी सांगितलंय. बिचाऱ्याचा काय दोष! त्यानं पळीनं ढवळलं आणि डबे बाहेर गेले. काकडीचा किस त्या पातळ दह्यात तरंगताना मी पाहिला. तासाभरानं एका टेबलावरून तक्रार आली की चटणी पाण्यासारखी आहे. ती पाण्यासारखी होतीच.

रात्री सगळं आवरून आम्ही हिशेबाला उभ्या राहिलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाला, पाहुण्यांच्या तक्रारी आल्यात, दही पातळ होतं, ताटाला चाळीस देईन. मी दह्याची सगळी हकिकत सांगितली. मुलाला बोलवा म्हटलं. तो मुलगा त्या दिवशी सुट्टीवर होता, किंवा तसं सांगितलं गेलं. मी म्हटलं, दही बाजूला ठेवा, वड्यांबद्दल तक्रार आहे का? म्हणाला, नाही, वडे संपले, लोकांनी परत मागितले. मग वड्यांचे पैसे का कापता? तेव्हा तो हसून म्हणाला, ‘शेवटी भजीच ना ती, बाई? नाक्यावर वीस रुपयांत मिळतात.’

साडेतेरा हजारांच्या जागी सहा हजार हातात आले. दूध, दही, तेल, गॅस, भाजी आणि इकोचं भाडं मिळून साडेपाच हजारांच्या आसपास गेले होते. उरलेल्या पाचशेत सात बायकांची दोन दिवसांची मजुरी. मावशीच्या बोटांच्या पेरांना मिठानं चिरा पडल्या होत्या. ती काही बोलली नाही. गटाची अध्यक्ष असलेली वहिनी परतीच्या गाडीत एवढंच म्हणाली, ‘बाय, पावसात गवत कापलं असतं तरी जास्त भेटलं असतं.’

आमची गाडी झरीच्या रस्त्यानं चालली होती. मे 1945 मध्ये याच झरीत हजारो वारली जमले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या त्या मेळाव्यात वेठ बंद करायचं ठरलं आणि रोजाला बारा आण्यांच्या खाली कामाला जायचं नाही असं ठरलं. पुढे त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या दरासाठी संप झाला, तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. गटातल्या बायकांच्या आज्या-पणज्या त्यातल्या आहेत. त्या लढ्याचा आणि एका संध्याकाळच्या वड्यांचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. मला संबंध दिसतो. काम करून घेतल्यावर त्याची किंमत काम घेणाऱ्यानं एकट्यानं ठरवायची, याच गोष्टीविरुद्ध तेव्हा माणसं उभी राहिली होती.

आणि त्या ‘ग्रीक’चा रुबाब तरी काय! ग्रीसमध्ये हे वडे म्हणजे साध्या घरचं खाणं. मांस परवडत नसे तेव्हा भाज्यांचे कोफ्ते करून पोट भरायचं. सांतोरिनी या ज्वालामुखीच्या बेटावर पाण्याची टंचाई, म्हणून तिथे बिनपाण्याच्या शेतीत येणाऱ्या छोट्या टोमॅटोचे असेच वडे करतात. फरक एवढाच, की त्या टोमॅटोला युरोपनं 2013 साली संरक्षित नाव दिलं आणि बेटावर जाणारे पर्यटक ते वडे मान देऊन खातात. आमच्या घोलवडच्या चिकूलाही 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मावशीच्या मांडवावरच्या काकडीला आणि तिच्या पिळणाऱ्या मुठीला कसलं मानांकन नाही. तिचा माल पाहुण्यासमोर जाताना सातासमुद्रापारचा असतो आणि पैसे द्यायची वेळ आली की नाक्यावरचा होतो.

त्या रागात मी गटाला निक्षून सांगितलं होतं, की आपण या परक्या नावांच्या वाटेला जायचंच नाही. आपली काकडीची पानगी आहे, किसलेली काकडी आणि तांदळाचं पीठ पळसाच्या पानांत थापून तव्यावर भाजलेली. तीच विकू. पुढच्या रानभाज्यांच्या महोत्सवात आम्ही पानगी ठेवली, तीस रुपये ताट. बायकांनी मला न विचारता शेजारी हे वडेही ठेवले आणि पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं, ‘ग्रीक भाजीवडे, घट्ट दह्याबरोबर, 60 रुपये.’ वडे दुपारी एकलाच संपले. पानगी संध्याकाळपर्यंत उरली. मला वाईट वाटलं, आणि गल्ला मोजताना बायकांचे चेहरे बघून बरंही वाटलं. आता मला तितकं ठामपणे सांगता येत नाही की परकं नाव नको. नावाचे पैसे मिळत असतील तर ते ज्यांच्या हातांनी वडा केला त्यांना मिळावेत, एवढंच म्हणते. घरीही मी हे वडे करते. नातवंडं भज्यांपेक्षा हेच मागतात, आणि खरं सांगायचं तर मलाही ते जास्त आवडतात.

असं काम घेणाऱ्या बायकांना एक सांगणं आहे. दर कागदावर लिहून घ्या, खाली सही घ्या, आणि अर्धे पैसे हातात आल्याशिवाय काकडी किसायला घेऊ नका. माल ताब्यात देताना फोनवर फोटो काढा, डबा उघडा ठेवून, पळी उभी करून. मग दही कुणी पातळ केलं यावर वाद होत नाही. चक्क्याचा डबा आपल्या माणसाच्या नजरेखाली ठेवा. आणि दर ठरवताना भाजी-तेलाच्या आधी पिळणाऱ्या हातांची मजुरी धरा. गटांच्या वह्यांत तोच रकाना सगळ्यात शेवटी येतो आणि बरेचदा कोराच राहतो.

यंदा त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका ठिकाणाहून विचारणा आली. मी नको म्हणत होते. वहिनीनं माझ्यासमोर फोन घेतला आणि सांगितलं, ताटाला एकशे दहा, अर्धे आगाऊ, दही आम्हीच वाढणार. समोरच्यानं शंभर मागितले. तिनं फोन ठेवला. संध्याकाळी त्याचाच परत फोन आला आणि एकशे दहाला सौदा झाला.