‘साइड’चे गोत्र

‘होमिसाइड’, ‘सुइसाइड’, ‘जेनोसाइड’ हे शब्द शेजारी मांडले की गोत्र उघड होते : लॅटिन ‘काएदेरे’, म्हणजे कापणे, ठार मारणे. ‘डिसाइड’ही त्याच कुळातला, निर्णय म्हणजे उरलेले पर्याय छाटणे. मराठीतही ‘निकाल लावणे’ वादाचे असते आणि माणसाचेही! ‘कोइन्साइड’ मात्र नुसताच तोंडावळ्याचा. त्याचे मूळ ‘कादेरे’, म्हणजे पडणे. ‘अ‍ॅक्सिडेंट’ त्याचा सख्खा भाऊ.

पडणे घडते, कापण्यामागे हात असतो. राफाएल लेम्किन यांनी ग्रीक ‘गेनोस’, म्हणजे वंश, याला हा लॅटिन प्रत्यय जोडून घडवलेला ‘जेनोसाइड’ १९४४ साली छापला गेला. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याला कराराद्वारे गुन्हा ठरवले. प्रत्ययाची निवड हाच तिथे आरोप होता. व्युत्पत्तीला शब्दांचा खेळ म्हणणे म्हणूनच आम्हांला जड जाते.