बोटांना पाठ झालेलं

माणसाला जे येतं त्यातलं पुष्कळसं डोक्यात नसतं, हातात असतं. गजरा ओवणारी बाई दोऱ्याकडे बघत नाही. भाकरी थापताना हात कधी वळवायचा हे कुणी सांगावं लागत नाही. ही जाण सावकाश येते. चुकतमाकत, पुन्हा पुन्हा करत बोटांत उतरते. एकदा उतरली की मन मोकळं होतं. हातानं काम करावं आणि मनानं ओवी म्हणावी, एवढं मोठं दान ती देते. म्हातारपणी नावं विसरतात, वार विसरतात, तरी वाती वळणारी बोटं वाती वळतच राहतात. बोटांना पाठ झालेलं हे ज्ञान मला माणसाची खरीखुरी कमाई वाटते. स्मार्टफोनबद्दलची माझी तक्रार या कमाईपाशी येऊन थांबते. फोन ती न विचारता काढून घेतो.

माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या कचेरीत मराठी टंकलेखक होते. मिनिटाला तीस मराठी शब्द, ही सरकारी परीक्षेची अट, इंग्रजीला चाळीस. मराठीची अट कमी का, हे ज्यानं ते यंत्र चालवलंय त्याला विचारावं. त्यावर ण, श, भ अशी अक्षरं आधी अर्धी उमटवायची आणि मग काना देऊन पुरी करायची. वेलांट्या वेगळ्या, रफार वेगळा. अण्णा कळफलकाकडे बघत नसत. समोरच्या मसुद्यावर नजर आणि खाली दहा बोटांचा पाऊस. पुढे कचेरीत संगणक आले, टाइपरायटर कोपऱ्यात गेले. पण त्या बदलात कुणीतरी एक शहाणपण दाखवलं होतं. मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकाची जुनी रचना निवडायची सोय ठेवली होती. यंत्र बदललं, पण ज्या कळीवर क होता त्याच कळीवर तो राहिला. हजारो टंकलेखकांची बोटं एका पिढीतून दुसऱ्या पिढीत सुखरूप आली. ज्यांनी ती सोय ठेवली त्यांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही. त्यांनी हाताचा मान राखला, एवढं मात्र नक्की.

निवृत्तीनंतर अण्णांनी फोन घेतला आणि तोही टंकलेखन शिकावं तसाच शिकले. दोनशे पानी वहीत, आखीव अक्षरांत, पायरीपायरीनं लिहून ठेवलं. फोन कसा उचलायचा, फोटो कसा पाठवायचा, वीजबिल कसं भरायचं. शेजारी पेन्सिलीनं छोटी चित्रं: इथे गोल, इथे तीन रेघा, बाण वर. काही महिन्यांत वही मिटली, कारण बोटांना पाठ झालं होतं.

एका सकाळी त्यांचा मला शेजाऱ्यांच्या फोनवरून फोन आला. "अरे, माझ्याकडून काही दाबलं गेलं का बघ. फोन वाजतो, पण उचलता येत नाही." त्यांच्याकडून काहीच दाबलं गेलं नव्हतं. रात्री फोननं स्वतःला नवं करून घेतलं होतं. मी तसं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "पण मला कुणी सांगितलं का नाही?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, संकोच होता. जन्मभर यंत्रावर हुकमत असलेला माणूस स्वतःचीच चूक शोधत बसला होता. मला वाईट वाटलं ते याचं.

हे त्यांच्या एकट्याचं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतातल्या असंख्य अँड्रॉइड फोनांवर कॉल उचलण्याचा पडदा बघता बघता बदलला. आधी बोट वर सारून फोन उचलला जायचा, ते आता आडवं सारायचं झालं. तरुणांनी दोन दिवस कुरकुर केली आणि सरावले. पण ज्यांच्या घरी मुलं परगावी आहेत, ज्यांना दवाखान्यातून, बँकेतून, लेकीकडून फोन येतो, त्यांच्यासाठी फोन उचलता येणं हाच फोनचा सगळा अर्थ असतो. त्याआधी पडद्याखालची बटणं गेली. मागे जा, घरी जा, उघडलेलं सगळं दाखव, अशी तीन बटणं अँड्रॉइडवर वर्षानुवर्षं डोळ्यांपुढे होती. आयफोनवरचं गोल बटण 2017 च्या आयफोन टेनपासून जायला लागलं. 2019 च्या अँड्रॉइड 10 नं बटणांऐवजी कडेवरून बोट ओढण्याच्या खुणा आणल्या. बटण दिसतं, खूण दिसत नाही, ती ठाऊकच असावी लागते. ज्याला कुणी शिकवायला नाही, त्याला बंद खोलीचं दार भिंतीत कुठे आहे हे चाचपत शोधावं लागतं.

त्यात बोटांची वयं वेगळी असतात. फोनची काच बोटाचा दाब मोजत नाही. कातडीतल्या ओलाव्यानं काचेवरच्या सूक्ष्म विद्युतक्षेत्रात जो फरक पडतो, तो ती ओळखते. म्हातारी कातडी कोरडी पडते. खुरपं धरून, धुणीभांडी करून हातांना घट्टे पडलेले असतात. असा स्पर्श काचेला धड कळत नाही. मग माणूस जोरानं दाबतो, दाबून धरतो, आणि दाबून धरण्याला फोन निराळाच अर्थ देतो. चिन्हं थरथरायला लागतात, काहीतरी पुसलं जातं, भलताच फोन लागतो. बँकेचा संकेतांक वाचून घालेपर्यंत त्याची मुदत संपते. या सगळ्यात कसूर माणसाची नसते. तरी दरवेळी खजील तोच होतो.

बदल नकोतच असं मी म्हणत नाही. 2015 च्या उन्हाळ्यात अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाची मोठी खिंडारं सापडली. नुसत्या एका संदेशातून आलेल्या चित्रफितीनं फोन ताब्यात घेता येईल अशी. त्यानंतर गूगलनं दर महिन्याला सुरक्षेची डागडुजी पाठवायला सुरुवात केली. ती लागतेच. ज्या फोनमध्ये आयुष्यभराची पुंजी असते त्याची भिंत पक्की हवी. पण भिंत पक्की करायला आलेल्या गवंड्यानं जाताना घरातली दारं का हलवावीत? मोठ्या अपडेटमध्ये सुरक्षा आणि रूप अनेकदा एकाच गाठोड्यात बांधलेली येतात. रूप नको म्हणावं तर सुरक्षाही हातची जाते. म्हणून घाबरलेली माणसं काहीच घेत नाहीत. अण्णांचे एक मित्र फोनवर सूचना आली की ती बाजूला सारतात. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर वागतात. आणि त्यांचा फोन दिवसेंदिवस उघडा पडत जातो.

सूचनेतही दोनच पर्याय असतात: 'आत्ता' आणि 'नंतर'. 'नको' हा पर्याय नसतो. भारतात 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पडद्यावरच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात तेरा प्रकार नोंदवले आहेत, आणि सारखा तगादा लावणं हा त्यातला एक. ग्राहकाला नकाराचा अधिकार आहे, हे त्यामागचं तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. ते खरेदीच्या पडद्यापुरतं न राहता फोनच्या प्रत्येक पडद्यावर यायला हवं.

मराठी लिहिणाऱ्यांची बोटं तर दुहेरी भरडली जातात. 'ऱ्या'साठी लागणारा ऱ एका कळफलकावर र दाबून धरल्यावर येतो, दुसऱ्यावर दुसऱ्याच पानावर असतो. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, तरी ते शोधताना अजून बोटं चाचपडतात. कळफलक नवा झाला की सरावलेल्या जागा हलतात, आणि 'आहे' लिहिताना पुढ्यात 'है' येऊन उभा राहतो. लोक कंटाळून रोमन लिपीत मराठी लिहू लागतात. हे मला फार लागतं. आपली लिपी लिहिणारी बोटं कमी झाली, तर त्यात आळसापेक्षा अशा छोट्या छोट्या अडवणुकींचा वाटा मोठा असेल.

तरी जग थोडं हलतंय. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून स्मार्टफोनांना नवे नियम लागू झाले. एखाद्या फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं त्याला सॉफ्टवेअरची अपडेट मिळायला हवीत. वस्तू टिकावी, हा विचार कायद्यात शिरला. आता त्याच्या पुढचं पाऊल टाकायला हवं: वस्तूबरोबर तिच्याशी झालेली ओळखही टिकावी.

माझं मागणं अवघड नाही. सुरक्षेची डागडुजी आणि रूपाचे बदल वेगवेगळे पाठवा. रूप बदलण्याआधी विचारा, आणि विचारताना 'नको'ला जागा ठेवा. फोन उचलणं, ठेवणं, मदतीला हाक मारणं या तीन गोष्टी, फोन चालतोय तोवर, जिथल्या तिथे राहू द्या. टाइपरायटरकडून संगणकाकडे जाताना कोणे एके काळी हे जमलं होतं. आजच्या अभियंत्यांना न जमण्याचं कारण नाही.

आणि तोवर आपल्याला करता येण्याजोगं काही आहे. आईवडिलांचा फोन त्यांच्या हातातून ओढून घेऊन आपण झरझर काम उरकतो, तेव्हा काम होतं, पण त्यांचा हात आणखी मागे पडतो. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. शेजारी बसावं, बोटानं दाखवावं, त्यांना चुकू द्यावं, पुन्हा करू द्यावं. त्यांनी आपल्याला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं तेव्हा आपला हात धरला होता, पेन्सिल काढून घेतली नव्हती. शिकवण्याचा तो धीर आपण त्यांना देणं लागतो, आणि फोन बनवणारे तो सगळ्या जगाला देणं लागतात.